टाकून दिलेल्या बॅनरच्या पिशव्या: फ्लेक्स घ्यायचा की कापडी?

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, जत्रा, कार्निव्हल, नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मधेच एखादी निवडणूक, त्यामुळे गोव्यात बॅनरला तोटा नाही. कार्यक्रम संपला की तेच बॅनर कुणाच्या तरी लाकडांच्या ढिगावर झाकण म्हणून जातात नाहीतर सरळ कचऱ्यात. त्याच्या पिशव्या शिवायच्या ठरवल्या की गटातल्या बायकांचा पहिला प्रश्न हाच, फ्लेक्स की कापड? माझं मत विचाराल तर पिशवीत काय जाणार आणि घरात मशीन कुठलं आहे, हे दोन बघा आणि ठरवा.

फ्लेक्स म्हणजे आत पॉलिएस्टरची जाळी आणि वरून पीव्हीसीचा थर, म्हणून पाणी आत जात नाही आणि वजन मस्त पेलतं. चवथीच्या बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान, नारळ, वर पाऊस, अशा वेळी कापडी पिशवी भिजून लोंबते, फ्लेक्सची उभी राहते. मिळतोही भरपूर आणि बहुतेक वेळा फुकट, फक्त उतरवायच्या आधी लावणाऱ्याला विचारा. १०० मायक्रॉनपेक्षा (०.१ मिलिमीटरपेक्षा) पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि तसाही पातळ माल पिशवीच्या कामाचा नाही, जाडच निवडा.

पण शिवायला फ्लेक्स त्रास देतो हे आधीच सांगते. मशीनच्या फूटखाली (सुईजवळ कापड दाबून धरतो तो भाग) चिकटतो, म्हणून टेफ्लॉनचा फूट लावा किंवा थोडी टाल्कम पावडर मारा. सुई १६ किंवा १८ नंबरची, धागा पॉलिएस्टरचा, आणि टाका लांब ठेवायचा, कारण बारीक टाके पडले की भोकांची रांग तयार होते आणि बरोब्बर त्याच रेषेवर पिशवी फाटते. टाचण्या नकोत, त्यांची भोकं कायम राहतात, कपड्याचे चिमटे लावा. बॅनरची दुमडलेली, रिंगा असलेली कड अजिबात कापून टाकू नका, तीच पिशवीचं तोंड करा, रिंगांतून दोरी ओवली की हँडल तयार! उन्हात बरेच महिने टांगलेला बॅनर मात्र घेऊ नका, दुमडून बघा, घडीवर तडा गेला तर सोडून द्या.

कापडी बॅनरचं काम सोपं, घरचं साधं पायमशीन पुरतं, शिवायला नवीन असलेल्या बाईनेही बसल्या बसल्या पिशवी काढावी. घडी घालून पर्समध्ये ठेवता येते, मळली की धुता येते. आधी एक धागा ओढून जाळून बघा, कागदासारखा वास आणि राख म्हणजे सुती, वितळून गोळी झाली की पॉलिएस्टर. सुती असेल तर कापायच्या आधीच धुवा, नाहीतर नंतर आटते आणि अस्तर सुरकुततं. अडचण एवढीच की कापडी बॅनर कमी मिळतात, आणि पावसाळ्यात ओली पिशवी कोपऱ्यात राहिली की बुरशी धरते.

खाण्याचं सुट्टं सामान, मासळी बिसळी फ्लेक्सला थेट लागू देऊ नका, त्यात प्लास्टिक मऊ करणारी रसायनं असतात आणि वर छपाईची शाई, डब्यात घालून न्यायला हरकत नाही. भाजी, पाव, डाळ-तांदूळ यासाठी सुती पिशवीच.

विकायची असेल तर नेत्यांचे चेहरे आत घ्या, पांढरी बाजू बाहेर, किंवा नुसता रंगीत भाग कापा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रंग आणि शिलाई बघूनच गिऱ्हाईक पिशवी हातात घेतं.

म्हणजे साधं मशीन आणि रोजच्या बाजारासाठी पिशव्या असतील तर कापडाने सुरुवात करा, हात बसला आणि एखादं जड मशीन मिळालं की फ्लेक्सकडे वळा. आणि फ्लेक्सचे उरलेले तुकडे परसात पाचोळ्याबरोबर जाळू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो, सुक्या कचऱ्यात वेगळे द्या.