ग्राझ की श्टुटगार्ट? (आणि झुरिकबद्दल थोडं)

पाच-दहा वर्षांचा अनुभव, ऑटोमोटिव्ह किंवा सॉफ्टवेअरचं काम, घरात बायको किंवा नवरा आणि एखादं मूल, हातात एक ऑफर आणि दुसरी येण्याच्या बेतात. ऑस्ट्रियात नोकरी घ्यायची की जर्मनीत, या विचारात पडलेल्या अशा लोकांसाठी हे लिहितोय. नर्सिंग आणि आउसबिल्डुंगचा (कामावर शिकत घ्यायच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचा) रस्ता वेगळा आहे, तो इथे घेत नाही. अनाबिनवर (परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत) आपलं विद्यापीठ कसं शोधायचं, सीव्हीवर फोटो लावायचा की नाही, व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसा केंद्राच्या, तारखा, हे तुमचं करून झालंय असं धरतो.

मी आधी ऑस्ट्रियात, ग्राझला नोकरी केली. आता जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. मधे झुरिकच्या एका कंपनीशी बोलणी बरीच पुढे गेली होती. त्यामुळे तिन्हीकडचा थोडाथोडा अनुभव आहे. तुमचं गणित वेगळं निघू शकतं.

आधी स्वित्झर्लंड उरकतो. पगाराचा आकडा पाहिला की बाकी दोन्ही देश खेळण्यातले वाटतात. पण आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे युरोपीय संघ आणि एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरेंचा गट) यांच्या बाहेरच्यांसाठी, तिथे वर्षाला ८,५०० परवान्यांचा कोटा आहे: ४,५०० बी (वास्तव्याचे) आणि ४,००० एल (अल्प मुदतीचे). शिवाय या कामाला स्विस किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही, हे कंपनीला दाखवावं लागतं. कंपनीला तुम्ही कितीही आवडलात तरी शेवटचा शब्द कॅन्टनचा (तिथल्या राज्याचा) आणि बर्नमधल्या केंद्र सरकारचा. माझ्या बाबतीत तीन फेऱ्या छान झाल्या आणि मग एचआरबाईंच्या मेलमधली वाक्यं हळूहळू लहान होत गेली. परवाना मिळाला तरी बी दर वर्षी नवा करायचा. कायम वास्तव्याच्या सी परवान्यासाठी आपल्याला साधारण दहा वर्षं लागतात. आरोग्य विमा माणशी वेगळा, तान्ह्या बाळाचाही हप्ता वेगळा. पाळणाघराचा दिवसाचा दर ऐकल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. तुम्ही एकटे असाल, तीन-चार वर्षं पैसे साठवून परतायचं पक्कं असेल आणि कंपनी परवान्याची जबाबदारी घेत असेल, तर खुशाल जा. संसार मांडायचा असेल तर खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

ऑस्ट्रियाचा विचार आपल्याकडे फार कमी जण करतात, हे मला चुकीचं वाटतं. नोकरी शोधण्यापासूनच तिथलं काम सरळ आहे. तिथे जाहिरातीत किमान पगार छापणं कायद्याने बंधनकारक आहे. छापलेला आकडा सामूहिक कराराचा (त्या क्षेत्रातल्या कामगार संघटना आणि मालकांनी ठरवलेल्या पगाराचा) तळ असतो आणि अनुभवी माणसाला त्याच्या बऱ्याच वर मिळतं, पण निदान बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं. जर्मनीत ‘तुमची अपेक्षा सांगा’ म्हणतात आणि आपण अंधारात आकडा फेकतो.

पगाराची तुलना करताना एक गोष्ट सांभाळा. ऑस्ट्रियात वर्षाला चौदा पगार मिळतात. महिना ४,२०० युरो म्हटलं तर वर्षाचे ५८,८०० होतात, ५०,४०० नव्हे. तेरावा आणि चौदावा पगार, एक सुट्टीचा आणि एक नाताळचा, यांवर जवळपास सहाच टक्के कर लागतो. जून आणि नोव्हेंबरमध्ये बँकेत जे जमा होतं त्याने माणूस त्या देशाच्या प्रेमात पडतो. जर्मनीत वार्षिक आकडा मोठा दिसतो. बायको किंवा नवरा कमावत नसेल तर तिसऱ्या करवर्गात (विवाहितांसाठीच्या कमी कराच्या वर्गात) हाती बरं पडतं आणि सरकारी विम्यात सगळं कुटुंब जादा हप्त्याशिवाय येतं. ग्राझमध्ये भाडं कमी होतं, त्यामुळे महिनाअखेर आमच्या हातात दोन्हीकडे साधारण सारखंच उरलं. पैशांवरून निवडू नका, एवढंच सांगतो.

राहणीमानात मी डोळे मिटून ऑस्ट्रियाला कौल देतो. ग्राझचं घर ओटा, शेगडी आणि फ्रिजसकट मिळालं. जर्मनीत भाड्याने घर घेतलं की स्वयंपाकघर मिळेलच असं नाही. आम्ही पाहिलेल्या एका फ्लॅटमध्ये भिंतीतून नळाचा पाइप आणि चार वायरी बाहेर आल्या होत्या, बस्स. शेवटी आधीच्या भाडेकरूकडून जुना ओटा विकत घेतला आणि त्याच्यापुढे कृतज्ञ चेहरा करून उभे राहिलो. श्टुटगार्टमध्ये घर शोधताना पगाराच्या तीन स्लिपा, शुफाचा, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा, दाखला, आधीच्या मालकाचं पत्र, सगळं घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. ग्राझमध्ये पत्त्याची नोंद तीन दिवसांत करायची असते आणि ती एका खेपेत होतेही. जर्मनीत दोन आठवड्यांची मुदत आहे, पण त्या दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळेल याची खात्री नाही. श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन २०१० पासून खणलेलं आहे आणि तिथून सुटणाऱ्या गाड्यांबद्दल मी काही बोलत नाही. ग्राझला शनिवारी सकाळी कैझर-योझेफ-प्लाट्झच्या बाजारात शेतकरी भोपळ्याच्या बियांचं काळसर हिरवं तेल विकायला बसतात. आमच्याकडे ते काकडीच्या कोशिंबिरीवर पडायचं. अजूनही कोणी तिकडून येणार असलं की मी बाटली मागवतो.

मग मी तिथून निघालो का?

रोट-वाइस-रोट कार्डामुळे, म्हणजे ऑस्ट्रियात राहण्याच्या आणि काम करण्याच्या परवान्यामुळे. आपले लोक त्याला आरडब्ल्यूआर म्हणतात. बहुतेक कुशल कामगारांना पहिल्यांदा हेच मिळतं. ते चोवीस महिन्यांचं असतं आणि एका ठरावीक मालकाशी बांधलेलं असतं. त्यातले एकवीस महिने काम झालं की ‘प्लस’ कार्ड मिळतं आणि मग कुठेही नोकरी करता येते. कागदावर वाचताना हे मला मुळीच खटकलं नव्हतं. दोन वर्षं तर कोणीही काढतं.

गिअरबॉक्सच्या कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी मला घेतलं होतं. वर्षभरात तो प्रकल्प थंडावला आणि मला चाचण्यांचे अहवाल लिहिणाऱ्या टीममध्ये बसवलं. काम वाईट नव्हतं, माझं नव्हतं इतकंच. त्याच सुमारास गावातल्याच दुसऱ्या कंपनीत माझ्या विषयाची जागा निघाली. मुलाखत झाली, पगारही ठरला. मग त्यांनी कार्ड कोणतं आहे ते विचारलं. मालक बदलायचा तर नव्या मालकाच्या नावाने नवा अर्ज करायचा, रोजगार कार्यालयाने तो पुन्हा तपासायचा आणि नवं कार्ड हातात येईपर्यंत तिथे काम सुरू करायचं नाही. त्यांना माणूस तिमाहीच्या सुरुवातीलाच हवा होता. ‘प्लस मिळालं की जरूर फोन करा,’ असं अतिशय सभ्यपणे सांगून त्यांनी दुसरा माणूस घेतला.

माझ्या मॅनेजरने कधी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. पण वार्षिक चर्चेत पगारवाढीचा विषय निघाला की ते शांतपणे ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणायचे. आम्हा दोघांनाही माहीत होतं की पुढच्या वर्षीपर्यंत मी कुठे जाऊ शकत नाही. पुण्यात घरमालक वरच्या मजल्यावर राहत असला की भाडेकरू जसा दार हळू लावतो, तसा मी त्या मीटिंगमध्ये बोलायचो. बायको एकदा म्हणाली, ‘म्हणजे आपला व्हिसा त्या माणसाच्या मूडवर आहे का?’ कायद्याने तसं नव्हतं. रोजच्या जगण्यात मात्र जवळपास तसंच होतं.

प्लस कार्डाची वाट न पाहता मी श्टुटगार्टकडच्या जाहिराती वाचायला लागलो.

जर्मनीत १८ नोव्हेंबर २०२३ पासून ब्लू कार्डाचे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्याचे, नियम सैल झाले आहेत. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं. ते तीस दिवस बदल रोखून धरू शकतात आणि अटी बसत नसतील तर नाकारूही शकतात. बारा महिन्यांनंतर परवानगीचा प्रश्न येत नाही. पगाराची अट २०२५ मध्ये वार्षिक ४८,३०० युरो होती, इंजिनिअर आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८०. हे आकडे दर जानेवारीत वर सरकतात, सही करण्याआधी चालू वर्षाचा पाहून घ्या. मी इथे दुसऱ्या वर्षी नोकरी बदलली. कार्यालयाला एक मेल टाकला. त्याचं उत्तर आलं तेव्हा मी नव्या कंपनीत रुळलोही होतो.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन कार्यालयांच्या कथा आम्हीही ऐकल्या आहेत. खऱ्या आहेत. आमच्या गावच्या कार्यालयात फोन उचलला जात नाही आणि अपॉइंटमेंटचं पान उघडलं की सगळ्या तारखा राखाडी. ब्लू कार्डाचं प्लॅस्टिक यायच्या आधी मी बराच काळ एका घडी घातलेल्या तात्पुरत्या कागदावर काढला. त्या कागदावर भारतात जाऊन परत येता येतं का, यावर जितकी माणसं तितकी उत्तरं मिळाली. म्हणून पुतण्याच्या मुंजीला मी गेलो नाही. घरी अजून ते ऐकवतात. ऑस्ट्रियात असं काही झालं नव्हतं, तिथे कागद वेळेवर मिळाले. तरीही मला हा त्रास सोसवला. ही दिरंगाई तुमचा वेळ खाते, तुमच्या मालकाच्या हातात काही देत नाही.

आणि सध्याच्या दिवसांत हा फरक जास्त जाणवतो. श्टुटगार्टचा पट्टा बॉश, मर्सिडीज, पोर्शे यांच्यावर जगतो आणि तिथली नोकऱ्यांची हवा चांगली नाही. बॉशच्या नोकरकपातीच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ अखेरपर्यंत जर्मनीतल्या १४,००० पर्यंत जागा कमी होतील. ग्राझही सुरक्षित नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या बनवणाऱ्या मॅग्नाच्या तिथल्या कारखान्यात फिस्कर या कंपनीची गाडी बनायची आणि फिस्करने २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अशा वेळी आपली जागा जाणार की राहणार हे आपल्या हातात नसतं. हलता येणं महत्त्वाचं. श्टुटगार्टहून तासाभराच्या टापूत माझ्या कामाच्या कंपन्या पुष्कळ आहेत. ग्राझमध्ये दोन-तीन मोठी नावं, नाहीतर थेट लिंझ किंवा व्हिएन्ना. नोकरी गेलीच तर ब्लू कार्डवाल्याला नवी शोधायला निदान तीन महिने मिळतात, आणि बारा महिने हप्ते भरले असतील तर बेरोजगारी भत्ताही. मूल असेल तर तो निव्वळ पगाराच्या ६७ टक्के.

लांबचा विचारही जर्मनीकडेच झुकतो. ब्लू कार्डावर बी-वन (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य, ए-वन (अगदी सुरुवातीच्या पातळीचं) असेल तर २७ महिन्यांत. ऑस्ट्रियात दीर्घकालीन वास्तव्याला पाच वर्षं. नागरिकत्वाला जर्मनीत जून २०२४ पासून पाच वर्षं, ऑस्ट्रियात साधारण दहा. आपला पासपोर्ट भारताच्या कायद्याने सोडावाच लागतो, तेव्हा तो मुद्दा दोन्हीकडे सारखा. बी-वन पुण्यातच करून या. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात (जर्मन भाषेच्या संस्थेत) शनिवार-रविवार घालवणं इथे नोकरी आणि मूल सांभाळत संध्याकाळचे वर्ग करण्यापेक्षा फार सोपं आहे. बोलीची काळजी करू नका. स्टायरियाची (ग्राझकडची) माणसं काय बोलतात ते पहिले सहा महिने कळत नाही, श्वाबियाची (श्टुटगार्टकडची) काय बोलतात तेही नाही.

जोडीदाराला नोकरीची मुभा दोन्हीकडे आहे, तिथे तराजू समान राहतो. गणपती श्टुटगार्टला थाटात बसतो. ग्राझला आम्ही पाच-सहा कुटुंबं कोणाच्या तरी दिवाणखान्यात आरती म्हणायचो आणि खरं सांगायचं तर तीच मला जास्त आवडायची.

तेव्हा तुमची मुलं लहान असतील, ऑस्ट्रियातली कंपनी जुनी आणि स्थिर असेल, दोन वर्षं त्याच टेबलावर आनंदाने बसाल असं वाटत असेल, तर ऑस्ट्रिया घ्या. तुम्ही सुखात राहाल. माझ्यासारखं काम सारखं बदलत राहणारं क्षेत्र असेल तर मी जर्मनीकडे बोट दाखवेन, ओट्याचे पैसे वेगळे काढून ठेवा म्हणेन.

ऑस्ट्रियाची ऑफर आधीच आली असेल तर सही करण्यापूर्वी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा. अर्ज कोणत्या कार्डाचा करणार? आणि ज्या प्रकल्पासाठी मला घेताय तो दोन वर्षांच्या आत बंद पडला तर मला कुठल्या कामावर बसवणार? पहिल्याचं उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्याला किती दिवस लागतात ते पाहून काय ते ठरवा.