लिंटन की एलएस५० मेटा? निवांत ऐकणाऱ्यांसाठी

रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास एखादा राग लावून बसायचं, आणि मध्येच उठून आवाज कमी करावासा वाटता कामा नये. एवढीच अपेक्षा असेल, तर दुकानात पहिल्या पाच मिनिटांत चकित करणाऱ्या स्पीकरपासून जरा सावध राहा. वॉर्फडेलचा लिंटन आणि केईएफचा एलएस५० मेटा यांच्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. माझा कौल लिंटनला आहे, पण खोली लहान असेल तर तो बदलतो.

मेटा २०२० साली आला. उंची ३० सेंटिमीटर, वजन आठ किलोच्या आत. आवाज काढणाऱ्या सव्वापाच इंची कोनाच्या (शंकूसारख्या पडद्याच्या) मधोमधच ट्वीटर, म्हणजे तार स्वरांचा छोटा स्पीकर, बसवलेला असल्याने सगळा आवाज एकाच बिंदूतून येतो. गायिका कुठे बसली आहे, तबला कोणत्या हाताला आहे, हे इतकं नेमकं कळतं की डोळे मिटले तरी बैठक दिसते. तो कर्कश मुळीच नाही. पण काही झाकतही नाही: जुन्या तबकडीची खरखर, माइकच्या फार जवळ ठेवलेल्या पेटीची धार, सगळं समोर येतं.

मला अडतं ते खालच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूला. कंपनीच्याच आकड्यांनुसार ७९ हर्ट्झच्या खाली (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका स्वर खोल) मेटाचा आवाज क्षीण होत जातो. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. मेटावरही तो ओळखू येतो, कारण त्याच तारेचे वरचे स्वर कानाला खूण देतात. पण गाण्याखालची जमीन पातळ वाटते. डग्ग्याच्या घुमाऱ्याचंही तसंच.

२०१९चा लिंटन ४० हर्ट्झपर्यंत उतरतो. खर्जासाठी आठ इंची वूफर, मधल्या स्वरांसाठी वेगळा पाच इंची कोन आणि वर कापडी घुमटाचा ट्वीटर. स्पीकरचं लाकडी खोकं जुन्या वळणाचं, रुंद, एकेक १८ किलोचं. यावर आवाज भरीव आणि मऊ येतो. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर जात नाही, पण गाण्याच्या मागे सरते. तंबोरे कुठे आहेत हे मेटाइतकं नेमकं सांगता येत नाही, आणि आलापात बुडाल्यावर मला ते लागतही नाही.

अँप (स्पीकरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर) जुना, कमी वॉटचा असेल तर लिंटनच बरा. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठा वाजतो ते, ९० डेसिबल, मेटाची ८५. तेवढ्याच आवाजासाठी मेटाला सुमारे तिप्पट ताकद लागते.

आता खोली. लिंटनच्या पाठीला दोन पोर्ट, म्हणजे खर्जाचा आवाज बाहेर सोडणारी भोकं, आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवला तर डग्गा नुसता घोंगावत राहील. मागे दीड-दोन फूट मोकळे सोडता येत नसतील तर सरळ मेटा घ्या. त्याच्या पोर्टला लावायची फोमची बुचं सोबतच येतात. फरशी उघडी असेल तर समोर जाड सतरंजी अंथरा, स्पीकर कोणताही असो.

दुकानात जाताना आपलं रेकॉर्डिंग न्या. अँपचं बटण तेवढंच ठेवलं तर लिंटन मोठा वाजेल आणि मोठं ते नेहमी चांगलं वाटतं, म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. मग एकच ख्याल दोन्हींवर ऐका, विलंबित संपून द्रुत सुरू होईपर्यंत.