जुना गालिचा ‘बदलून’ घेताना झालेली फसवणूक

गालिचा दबणे आणि गालिचा झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दबलेला गालिचा बहुतेक वेळा सुधारता येतो, झिजलेल्याची दुरुस्ती वेळखाऊ आणि महाग असते. आणि हा फरक सामान्य ग्राहकाला ओळखता येत नाही, एवढ्याच भांडवलावर माझ्या मावशीला गंडवणाऱ्या विक्रेत्याचा सगळा व्यवहार उभा होता. दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयांत आणि भाड्याच्या सभागृहांत गालिच्यांची ‘प्रदर्शन व विक्री’ भरत असते. त्यातले सगळेच विक्रेते लबाड असतात असे मुळीच नाही, परंतु ‘जुना द्या, नवा घ्या’ अशी पाटी दिसली तर पुढचे वाचून मगच आत शिरावे.

मावशी पुण्यात कोथरूडला राहते. तिच्या दिवाणखान्यातला सहा बाय नऊ फुटांचा लोकरीचा गालिचा काकांनी १९८१ साली श्रीनगरहून आणला होता. काका गेल्यानंतर त्याची निगा पूर्वीसारखी राहिली नव्हती. सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंतच्या वाटेवर लव, म्हणजे गालिच्याच्या वरचे उभे तंतू, चपटी होऊन काळपट पट्टा पडला होता, हात फिरवला की ती चिकट लागे, आणि मधल्या वर्षांत कोणीतरी कपड्यांच्या साबणाच्या पावडरीने तो घासून काढल्यामुळे काही भाग नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा, घट्ट बसला होता. दिवाळीच्या आधी प्रदर्शनाचे पत्रक आले, त्यावर ‘जुन्या गालिच्याची घरी येऊन मोफत तपासणी’ असे छापलेले होते, म्हणून मावशीने फोन केला.

तपासणीला दोघे जण आले. त्यांनी केलेली प्रत्येक कृती वरवर पाहता पटण्यासारखी होती. एकाने ओला पांढरा रुमाल लवीवर दाबून धरला आणि त्यावर आलेला तपकिरी डाग दाखवून ‘रंग सुटायला लागला आहे’ असे सांगितले. दुसऱ्याने बोटांनी लव खरवडून निघालेली लोकर तळहातावर धरली आणि ‘माँजी, इसका ऊन मर गया है’, म्हणजे याची लोकर मेली आहे, असे जाहीर केले. शेवटी सोफ्याखालचा कोपरा उचलून तिथली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, दाखवण्यात आली आणि तिच्यामुळे घरात दमा होतो अशी भीती घालण्यात आली. दुरुस्ती होऊ शकेल का, असे मावशीने विचारल्यावर त्यांनी पस्तीस हजारांचा आकडा सांगितला, आणि लगेच, जणू मोठ्या मनाने, हा गालिचा ‘मेलेला’ असूनही आपण तो अकरा हजारांना बदलीत घेऊ असा प्रस्ताव ठेवला.

पुढे मी मावशीच्या फोनमधले त्या गालिच्याचे फोटो लष्कर भागातल्या एका वयस्कर रफूगारांना दाखवले, तेव्हा या तपासणीचा खरा अर्थ कळला. रुमालावर आलेला डाग रंगाचा असता तर तो लाल किंवा निळा आला असता, कारण त्या गालिच्यात तेच रंग होते. तपकिरी आला तो धुळीचा आणि साबणाच्या अंशाचा. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते, ती लोकरीला मानवत नाही, शिवाय पूर्ण धुऊन न निघालेला साबण चिकट राहून नवी धूळ धरून ठेवतो. अशा चिकट लवीवरून रोज पावले पडत राहिली की तंतू एकमेकांत अडकून त्यांचा थर बनतो. यालाच आपण लव बसली म्हणतो. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळण असते आणि दाब निघाला की तो पुन्हा उठू पाहतो, त्यामुळे मागच्या बाजूने झोडपून मातीचे कण काढले, सौम्य आणि लोकरीला चालेल अशा द्रवाने भरपूर पाण्यात धुतले आणि सपाट वाळवून लवीच्या दिशेने विंचरले, तर असा गालिचा बराचसा मूळ रूपावर येतो.

झीज ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात लव आडवी पडलेली नसते, ती मुळातच उरलेली नसते. तळाशी अडकलेले वाळूचे बारीक कण पायाच्या दाबाखाली तंतू कापत राहतात, लव आखूड होत जाते, आणि अखेरीस गाठींमधून सुती ताण्याबाण्याचे पांढरे धागे दिसू लागतात. तिथे कोणतीही धुलाई, वाफ किंवा ‘ट्रीटमेंट’ उपयोगी पडत नाही. जुन्या रंगाशी जुळणारी लोकर शोधून गाठी नव्याने माराव्या लागतात. काही जण पांढऱ्या पडलेल्या जागेवर नुसता रंग लावून गालिचा परत करतात, हाही फसवणुकीचा एक प्रकारच आहे. मावशीच्या गालिच्याच्या फोटोंत पांढरे धागे कुठेच दिसत नव्हते, आणि उलट बाजूच्या एका फोटोत गाठींच्या ओळी अखंड होत्या. कसर होती ती सोफ्याखालच्या वीतभर जागेत. कसरीच्या अळ्या लोकरीवर जगतात आणि जिथे हालचाल व उजेड नसतो तिथे वाढतात. तेवढा भाग दुरुस्त करून घेणे सहज शक्य होते. त्या रफूगारांनी धुलाई आणि रफू मिळून जो अंदाज सांगितला, तो पस्तीस हजारांच्या जवळपासही नव्हता.

आता नव्या गालिच्याविषयी. प्रदर्शनात मावशीला त्याच मापाचा फिकट मोतिया रंगाचा गालिचा ‘सिल्क, हँडमेड’ म्हणून दाखवला गेला. एका टोकाकडून उजळ आणि दुसऱ्या टोकाकडून गडद दिसतो, म्हणजेच खरे रेशीम, असे तिला पटवण्यात आले. वस्तुतः लव एका दिशेला झुकलेली असल्याने असा फरक कोणत्याही लवीच्या गालिच्यात दिसतो, आणि व्हिस्कोजसारख्या चमकदार धाग्यात तर तो अधिकच उठून दिसतो. त्यानंतर जाळण्याची चाचणी झाली. विक्रेत्याने एक धागा काडीने पेटवला, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली. रेशमाची ही खूण अगदी बरोबर आहे. मात्र तो धागा समोरच्या गालिच्यातून न काढता त्याने स्वतःच्या खिशातल्या पुडीतून काढला होता, हे मावशीला नंतर आठवले. उलट बाजूला कापड चिकटवलेले होते, त्याविषयी विचारल्यावर ‘फरशीपासून संरक्षणासाठी अस्तर’ असे उत्तर मिळाले.

एक लाख पासष्ट हजारांची किंमत ‘दिवाळीनिमित्त’ शहाण्णव हजारांवर आली आणि जुन्या गालिच्याचे अकरा हजार वजा होऊन पंच्याऐंशी हजारांना व्यवहार ठरला. या आकड्यावर थोडे थांबण्यासारखे आहे. काश्मिरी गालिच्यात एका इंचात उभ्या अठरा आणि आडव्या अठरा गाठी हे सर्वसाधारण मान धरले, तर चौरस इंचात ३२४ गाठी होतात आणि सहा बाय नऊ फुटांत त्यांची संख्या पंचवीस लाखांवर जाते. प्रत्येक गाठ हाताने मारायची असल्याने एका माणसाचे कित्येक महिने त्यात जातात. एवढ्या मजुरीवर रेशमाची किंमत, वाहतूक, सभागृहाचे भाडे आणि विक्रेत्याचा नफा चढवून तो गालिचा पंच्याऐंशी हजारांत मिळणे अशक्य आहे. मोठी सवलत पाहून आपण विक्रेत्याचा किती तोटा होत असेल याचा विचार करतो. त्याऐवजी विणणाऱ्याच्या वाट्याला काय उरेल याचा हिशेब केला असता तर ही किंमत खोटी असल्याचे तिथल्या तिथे दिसले असते.

गालिचा घरी आला, जुना त्याच टेम्पोतून गेला आणि काही दिवसांत प्रदर्शनही उठले. पहिल्या आठवड्यापासून लवीचा भुगा झाडूत येऊ लागला. ‘नवा आहे, थोडे दिवस येणारच’ असे फोनवर सांगण्यात आले, आणि लोकरीच्या नव्या गालिच्याबाबत ते खरेही असते. परंतु गुढीपाडव्याच्या सुमारास मुलांच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला, मावशीने ओल्या फडक्याने जागा पुसली, आणि वाळल्यावर तेवढा भाग पिवळसर, ताठ आणि कायमचा चपटा होऊन बसला. गालिचा रेशमाचा नव्हे, व्हिस्कोजचा होता. व्हिस्कोज हा लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा आहे. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, तो फुगतो, आणि वाळताना दबलेल्या अवस्थेतच राहतो. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांखाली बहुधा हाच धागा विकला जातो. दिसायला तो देखणा असतो, परंतु पावलांच्या वाटेवर घालण्याच्या लायकीचा नसतो. ज्या कारणासाठी चाळीस वर्षांचा गालिचा घराबाहेर गेला, ते दबणे या नव्या गालिच्यात सहा महिन्यांच्या आत सुरू झाले.

मी कोपऱ्यातले अस्तर उसवून पाहिले, तेव्हा आत पांढऱ्या लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर निघाला. हा गालिचा गाठींचा नव्हताच. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या हत्याराने धागे घुसवायचे, मागून लॅटेक्सने ते पक्के करायचे आणि वरून कापड लावायचे, ही ‘टफ्टेड’ पद्धत. अशा गालिच्यातही हाताचे काम असतेच, त्यामुळे ‘हँडमेड’ हे वर्णन खोटे ठरत नाही. टफ्टेड गालिचा त्याच्या योग्य किमतीला घेण्यात काहीही वावगे नाही. तो गाठींचा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. गाठींच्या गालिच्याच्या उलट बाजूला पुढचीच नक्षी स्पष्ट दिसते आणि दशा म्हणजे त्याच्या ताण्याचीच टोके असतात. मावशीच्या नव्या गालिच्याला दशा वेगळ्या आणून शिवलेल्या होत्या, मशीनची टीप नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

सर्वांत बोलका पुरावा बिलावरच छापलेला होता. जीएसटीच्या बिलात बहुधा एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा सांकेतिक क्रमांक, असतो. गाठींच्या गालिच्यांसाठी तो ५७०१ ने सुरू होतो, विणलेल्यांसाठी ५७०२ ने आणि टफ्टेडसाठी ५७०३ ने. मावशीच्या बिलावर ५७०३ होते. म्हणजे तोंडाने रेशमाच्या गाठींचा म्हणून विकलेला माल सरकारदरबारी टफ्टेड म्हणूनच दाखवलेला होता. तेव्हा पैसे देण्यापूर्वी बिलावर हा क्रमांक लिहून मागावा, आणि त्याच्या शेजारी धागा कोणता आणि गाठी की टफ्टेड हे शब्दांत लिहून घ्यावे. जो विक्रेता ते लिहायला टाळाटाळ करील त्याच्याकडे पुढे थांबण्याचे कारण नाही. काश्मीरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि श्रीनगरच्या भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्थेत तपासलेल्या गालिच्यांना क्यूआर कोडचे लेबल लावले जाते. ‘काश्मिरी’ म्हणून मोठी रक्कम मागितली जात असेल तर ते लेबल दाखवायला सांगावे. लेबल नाही म्हणून माल खोटा असे होत नाही, पण मग बाकीची तपासणी अधिक कसून करावी. जाळण्याची चाचणी करायची असेल तर गालिच्यातला धागा आपल्या हाताने उपटावा: व्हिस्कोज कागदासारखा जळतो आणि त्याला कागदाचाच वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

विक्रेत्याला लेखी कळवल्यावर त्याचे उत्तर आले की बिलावर फक्त ‘हँडमेड कार्पेट’ लिहिले आहे, रेशीम कुठेही लिहिलेले नाही, आणि विकलेला माल परत घेतला जात नाही. त्यानंतर फोन लागणे बंद झाले. बिलावरचा पत्ता परराज्यातला होता. येथे एक दिलासा असा की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिथून काही निष्पन्न झाले नाही, मग बिल, पत्रक, उसवलेल्या कोपऱ्याचे फोटो आणि रफूगारांचे लेखी मत जोडून आयोगाकडे अर्ज दाखल केला.

नव्या गालिच्याचे पैसे परत मिळण्याची आशा आहे. जुन्याची नाही, आणि त्याचे कारण पुन्हा बिलातच आहे. जुन्या गालिच्याचे अकरा हजार ‘बदली’ म्हणून दाखवलेलेच नाहीत. ते ‘विशेष सवलत’ या सदरात टाकलेले आहेत. कागदोपत्री मावशीने कोणतीही वस्तू दिलेलीच नाही, त्यामुळे ती परत मागायला आधार उरत नाही. जुना गालिचा म्हणजे कचरा, असे विक्रेता सांगत होता, पण जुन्या हातविणीच्या गालिच्यांना बाजार असतो हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या येरवड्याच्या तुरुंगात एकोणिसाव्या शतकात विणलेले गालिचेही आज जुन्या वस्तूंच्या लिलावांत विकले जातात. मावशीचा गालिचा एवढ्यात धुतला, विंचरला जाऊन दुसऱ्या एखाद्या शहरातल्या प्रदर्शनात ‘अँटिक’ म्हणून मांडला गेला असेल, असे ते रफूगार म्हणाले.

जुनी वस्तू बदलीत द्यायचीच असेल, तर तिचे माप, धागा, गाठींची संख्या आणि ठरलेली किंमत नव्या बिलावर वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी, दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून ठेवावेत, आणि त्याआधी ज्याला तुम्हाला काहीही विकायचे नाही अशा रफूगाराकडून तिची किंमत करून घ्यावी. घरीच पाहायचे असेल तर दबलेल्या जागी बोटांनी लव फाकवून तळ बघावा. पांढरे धागे दिसले नाहीत आणि उलट बाजूच्या गाठी शाबूत असल्या, तर तो गालिचा धुवायला द्यायचा आहे, टाकून द्यायचा नाही.