काचबिंदूचे ड्रॉप्स: प्रिझर्व्हेटिव्हवाले की त्याशिवायचे?

काचबिंदूचे ड्रॉप्स वर्षानुवर्षं घालायचे असतात, म्हणून बाटलीत औषधासोबत अजून काय आहे तेही बघा. नेहमीच्या लॅटानोप्रोस्टमध्ये (काचबिंदूचं एक औषध) बहुतेकदा 0.02 टक्के बेन्झाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते जंतू मारतं पण साबणासारखं अश्रूंचा तेलकट थरही फोडतं, कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशी दुखावतात, डोळा ओलसर ठेवणारा चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी कमी होतात, मग जळजळ, खुपणं, लाली. दोन-तीन ड्रॉप्स चालू असले की मारा वाढतो, आणि पुढे काचबिंदूचं ऑपरेशन लागलं तर सुजलेल्या कंजंक्टिव्हामुळे (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणामुळे) ते फसायची शक्यताही वाढते, ही खरी काळजीची गोष्ट.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, जसं टॅफ्लुप्रोस्ट या तशाच औषधाच्या एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या, डोळ्यातलं प्रेशर चांगलं उतरवतात, डोळ्याला सोसतातही. पण महाग, कुपी पिळणं म्हाताऱ्या बोटांना जड जातं, उरलेलं टाकायचं. थोडी लाली मूळ औषधामुळेही राहतेच. डोळे आधीच कोरडे असतील तर मी हेच मागेन, मात्र डॉक्टरांना न विचारता चालू ड्रॉप्स बंद करू नका प्लीज.