पुढचं पेन: लॅमी सफारी की ट्विस्बी इको?

दिवाळीला शाईचं पेन घ्यायचं हे पक्कं. यादीत दोनच उरलीत: जर्मनीचं लॅमी सफारी आणि तैवानचं ट्विस्बी इको. दोन्ही मित्रांकडून उसनी आणून पानंच्या पानं मराठी लिहून पाहिलं.

सफारी १९८० पासून चालत आलंय, उगाच नाही. हलकं, दणकट, खटकन टोपण निघतं. निब बदलायची तर चिकटपट्टी लावून पुढे ओढायची, झालं काम. पण दौतीतली शाई भरायची तर कन्व्हर्टर (पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी नळी) बहुधा वेगळा घ्यावा लागतो. आणि ती तिकोनी पकड! बोटं कुठे ठेवायची हे पेनच ठरवतं. मी निब जरा तिरकी धरतो, त्यामुळे शिरोरेषा ओढताना अंगठा सारखा कडेवर चढतो. ज्यांची धरण्याची पद्धत सरळ आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावं.

इकोची पकड गोल. मागचा दट्ट्या फिरवला की शाई थेट पोटात, जवळपास पावणेदोन मिली. कॅमलची रॉयल ब्लू आत हिंदकळताना दिसते (हा शुद्ध पोरकटपणा, पण मजा येते). सोबत दट्ट्या खोलायला पाना आणि त्याला लावायला ग्रीसही मिळतं. टोपण मात्र आट्यांचं, फोनवर बोलताना पटकन नंबर टिपायला नकोसं.

निब दोन्हींत एफच (बारीक) बरी. एम (मध्यम) निबने ‘क्ष’ची गाठ भरून जाते आणि साध्या वहीत शाई पाठीमागे उमटते.

मी इकोच घेणार. काळ्या टोपणाचं की पांढऱ्या, यावर घरात अजून एकमत नाही.