ब्लूटूथ वजनकाटा आणि त्याचं ॲप: वजन खरं, चरबी अंदाजे

वजनापुरता काटा चोख आहे. फरशीवरच ठेवा, सतरंजीवर आकडा चुकतो. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी, अनवाणी उभे राहा; रोजच्या चढउतारापेक्षा आठवड्याची सरासरी बघा. चरबीची टक्केवारी मात्र पायांतून सौम्य वीज सोडून बांधलेला अंदाज असतो, नाशिकच्या डोंगरावरची पांडवलेणी चढून घामाघूम झालात की तो हमखास बदलतो. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभंच राहू नये. मोठी उणीव बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची: ॲप २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतं, भारतीयांसाठी मर्यादा २३ आहे. खाण्याच्या नोंदीत ‘मिसळ, १ प्लेट’ लिहून भागत नाही. तर्री वेगळी मोजा, तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी पडतात. पाव आणि फरसाणही सुटं लिहा.