न्यूटची टाकी: आठ महिन्यांनंतर

साठ सेंटिमीटरची काचेची टाकी, स्पंज फिल्टर, काठाला चिमट्याने लावायचा छोटा पंखा आणि लाल पोटाचे दोन जपानी न्यूट, म्हणजे पाण्यात राहणारे शेपटीवाले उभयचर, ज्यांना इकडे इमोरी म्हणतात. फेब्रुवारीत तोक्योत, निशी-कासाईच्या घरी मांडामांड केली. आता ऑक्टोबर उजाडलाय.

टाकीबद्दल तक्रार नाही. पाणी 20 सेंटिमीटरच भरलंय, म्हणजे साधारण 36 लिटर, आणि वर बसायला तरंगती साल. स्पंज फिल्टर स्वस्त आणि उत्तम, कारण न्यूटना वाहतं पाणी सोसत नाही. क्लोरीन काढून टाकलेल्या पाण्यात तो पाच आठवडे नुसताच चालवला. अमोनिया आणि नायट्राइट ही प्राण्यांना विषारी द्रव्यं शून्यावर आल्यावरच प्राणी आणले. दुकानदाराने सोबत गळ्यात मारलेली बारीक खडी मात्र आठवडाभरात काढली. खाता खाता तीही गिळतात.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. यांना पाणी 15 ते 22 अंशांचं हवं, पंचविशीच्या वर गेलं की खाणं सुटतं. जुलैत पंखा लावला आणि त्याला जागा म्हणून झाकण अर्धं सरकवलं. सकाळी बघतो तर टाकीत एकच. ओलं पोट काचेला चिकटवून हे प्राणी भिंत सरळ चढतात, हे मी वाचलेलं होतं, तरीही! दुसरा चपलांच्या कपाटामागे सापडला. धूळ आणि केसांचा गोळा, हात लावला तर कातडी कागदासारखी. उथळ पाण्यात ठेवला. तासाभराने घसा हलताना दिसला, तिसऱ्या दिवशी त्याने ब्लडवर्म (लाल अळ्या) खाल्ले.

म्हणजे पंख्याला उघडं तोंड हवं आणि न्यूटला बंद. पंखा विकणाऱ्या कंपनीच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी खिडकीची डासांची जाळी कापून ताणून बसवली, कडेने कागदाचे चिमटे लावले, फिल्टरच्या हवेच्या नळीच्या फटीत स्पंजचा तुकडा कोंबला आणि पंखा जाळीच्या वर ठेवला. आजवर कुणी सुटलेलं नाही.

पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, कारण ते उडून जातं. रोज अर्धा-पाऊण लिटर भर घालावी लागते. इथल्या ऑगस्टच्या दमट हवेत तेवढाही फरक पडत नाही. एसी दिवसरात्र चालू ठेवावाच लागला. विजेचं बिल आलं तेव्हा बायकोने ते टाकीवरच चिकटवलं.

टाकी आणि फिल्टरला पाच तारे, पंख्याला तीन, त्यातला एक तो आवाज करत नाही म्हणून.

घेणाऱ्यांसाठी: यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, फुगू माशात असतं तेच, तेव्हा हात धुवा. आणि हे वीस-वीस वर्षं जगतात. व्हिडिओ कॉलवर आई दर रविवारी विचारते, "ती पाल आहे का रे अजून?"